बघून की मनानं?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे गंगाखेडला जाऊन आले. अण्णांचं जुनं घर आवरायचं होतं. घरातल्या मंडळींना हे माहीत आहेच, पण त्यांनाही न सांगितलेली एक गोष्ट आहे. ती आज सांगून टाकते.

ज्यांना आमचं गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडंसं. गंगाखेड परभणी जिल्ह्यात, गोदावरीच्या काठावर. आम्ही नदीला गंगाच म्हणतो. संत जनाबाईंचं हे गाव. लहानपणीच त्या इथून पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेल्या आणि नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबल्या. नदीकाठी त्यांचं मंदिर आहे. आणि आमच्याकडे जिकडेतिकडे एक चित्र दिसतं: जनी जात्यावर बसलीय आणि समोर साक्षात विठोबा तिला दळू लागलाय. किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर, देवघरात, भजनी मंडळाच्या फलकावर. इतकं ओळखीचं की आम्ही त्याच्याकडे कधी नीट बघितलंच नाही.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. शिकवायचे गणित, पण शाळेचा दर्शनी फळा त्यांच्याकडे. आषाढीला विठोबा, गोकुळाष्टमीला कृष्ण, १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन म्हणून स्वामी रामानंद तीर्थ. रंगीत खडूंनी संध्याकाळी उशिरापर्यंत काढत बसायचे. दोन दिवसांनी कुणीतरी ओलं फडकं फिरवायचं आणि तिथे सुविचार यायचा. त्याचं अण्णांना काही वाटलेलं मला तरी दिसलं नाही.

घरी मात्र वह्या होत्या. ड्रॉईंगच्या वह्या, एकूण सात. परभणीला कामासाठी गेले की रद्दीतून जुने दिवाळी अंक आणि 'चांदोबा' घेऊन यायचे. आणि रात्री जेवणं झाली की पेन्सिलीने बारीक चौकटी पाडून त्यातली चित्रं वहीत उतरवायचे. मग टाक आणि काळी शाई. आम्ही भावंडं बाजूला पालथी पडून बघायचो. "अण्णा, आज काय काढायलाव?" "वेताळ." मग आम्ही आणखी जवळ सरकायचो.

'चांदोबा'तला तो विक्रम आणि वेताळ कुणाला आठवत नाही? हातात तलवार, खांद्यावर प्रेत, आणि राजा चाललाय. ते चित्र काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन. २०२० साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी गेले, आणि २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. 'चांदोबा' तर त्यांच्या आधीच बंद पडला होता. लहानपणी मला त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. अण्णांना होतं.

असो. आता मुद्द्यावर येते.

१९९४ साली मी औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) चित्रकला शिकायला गेले. अण्णांनीच पाठवलं. भाऊबंद म्हणाले, पोरीला डी.एड. करा, नोकरी तरी लागेल. अण्णांनी ऐकलं नाही. तिथे गेल्यावर मला नवे शब्द मिळाले. मौलिकता, आविष्कार, शैली. दोन वर्षांनी दिवाळीला घरी आले तेव्हा अण्णांनी कौतुकाने नवी वही पुढे केली. दलालांच्या एका चित्रावरून काढलेली शकुंतला होती. मी पानं चाळली आणि म्हणाले,

"अण्णा, हे सगळं बघून काढलेलं आहे. याला चित्र म्हणत नाहीत, नक्कल म्हणतात."

ते हसले. "बरोबर आहे बाई तुझं," म्हणाले, आणि वही मिटून ट्रंकेत ठेवली.

त्यानंतर त्यांनी मला एकही चित्र दाखवलं नाही. एकही. आणि खरी लाज पुढचीच आहे. ते दाखवत नाहीत हे माझ्या कित्येक वर्षं लक्षातही आलं नाही. २०१७ साली ते गेले.

तर यावेळी ती ट्रंक उघडली. माझी भाची सोबत होती. यंदा एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणार आहे, त्यामुळे चित्रांबद्दल तिला फार उत्साह. तिने पहिलं पान उघडलं आणि लगेच विचारलं, "आत्या, आजोबांनी हे बघून काढलं की मनानं?"

माझाच प्रश्न. चांगला तीस वर्षं जुना.

उत्तर वहीतच होतं. मला त्या दिवाळीत दिसलं नव्हतं. प्रत्येक चित्राखाली उजव्या कोपऱ्यात अण्णांनी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'दलालांवरून'. 'मुळगावकरांवरून'. 'चांदोबावरून'. आपण बघून काढतो हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं, आणि त्यांनी ते लपवलंही नव्हतं.

आम्ही दोघी मग ओसरीवर बसून सातही वह्या पहिल्या पानापासून बघत गेलो. आणि हळूहळू मला दिसायला लागलं की हा माणूस काय करत होता. दीनानाथ दलालांची रेघ बघा, जाड सुरू होते आणि खांद्यावरून पदरापर्यंत येता येता बारीक होत जाते. पहिल्या वहीत अण्णांची रेघ तारेसारखी एकसारखी आहे. तिसऱ्या वहीत ती श्वास घ्यायला लागते. रघुवीर मुळगावकरांचे देव म्हणजे फवाऱ्याच्या रंगातली ती मऊ, उजळ कांती. अण्णांकडे कुठला फवारा? त्यांनी शाईचे ठिपके दिले, शेकडो, आणि गाल गोल केला. नक्कल करताना जे जमणार नाही तिथे माणसाला स्वतःचं काहीतरी करावंच लागतं.

आणि तसं बघायला गेलं तर देवांची चित्रं बघूनच काढत आलेत की सगळे. आमच्याच गोदेवर वर पैठण आहे. तिथल्या शैलीतली जुनी चित्रं चित्रकथी लोक गावोगाव नेत, एकेक उभं धरून रामायण-महाभारत सांगत. चेहरे एका बाजूने, डोळे मोठाले. त्यातली कितीतरी आज पुण्याच्या केळकर संग्रहालयात आहेत. मी पुण्यात राहायला आल्यावर बघितली. एका चित्रातला योद्धा दुसऱ्यात तसाच भेटतो, आणि तरी प्रत्येकाचा हात वेगळा. पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि कागदावरचे देव घरोघरी भिंतीवर आले. ते बघून आणखी किती जणांनी पेन्सिल हातात घेतली असेल कोण जाणे. कुणी कुणावरून काढलं हे शोधत गेलं तर शेवट सापडायचा नाही.

हे सगळं मी भाचीला समजावत होते, आणि तिने सातव्या वहीचं शेवटचं पान उलटलं.

जनी आणि विठोबा. पण हे कॅलेंडरवरचं नव्हे. कॅलेंडरवरची जनी गोरी, तरुण, विठोबा मुकुटासकट आपल्याकडे बघून हसतोय, आणि जात्याभोवती पिठाचा कण नाही. अण्णांची जनी चाळिशीची. गालफडं बसलेली, पदर कमरेला खोचलेला, एक पाय लांब पसरलेला. ती देवाकडे बघतच नाहीये. तिचं लक्ष जात्याच्या तोंडात सोडायच्या मुठीकडे आहे. जात्याभोवती पीठच पीठ. मुकुट काढून सुपाशेजारी उलटा ठेवलाय, शेला दोरीवर, आणि गळ्यातलं पदक पिठात पडलंय. विठोबा शेला आणि पदक जनीकडे विसरून तिची वाकळ पांघरून गेला आणि चोरीचा आळ जनीवर आला, ही कथा महिपतींच्या 'भक्तविजया'त आहे. अण्णा दर वर्षी वाचायचे.

विठोबा आपल्याला पाठमोरा दिसतो. कानातल्या मकरकुंडलावरून तेवढा ओळखायचा. दोघांचे हात खुंट्यावर, जनीचा खाली, त्याचा वर.

मी बघितलं आणि सवयीने चुका दिसल्या. विठोबा जनीपेक्षा लहान झालाय. मनगट तर फारच बारीक. प्रमाण चुकलं अण्णांचं, असं मी मोठ्यानं म्हणालेसुद्धा.

भाची म्हणाली, "आत्या, खाली बघ काय लिहिलंय."

'आईवरून.'

आमची आजी मी बघितलेली नाही. आजोबा लवकर गेले आणि तिने लोकांची दळणं दळून पोरं वाढवली, एवढंच ऐकलेलं. माझी आत्या, अण्णांची थोरली बहीण, आता त्र्याऐंशीची आहे. दुपारी तिच्याकडे वही घेऊन गेलो. तिने चष्मा लावला, पान डोळ्यांजवळ धरलं, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग जनीच्या तोंडावरून बोट फिरवत म्हणाली, "माय हाय ही."

मी विचारलं, "आणि समोर?"

"समोर कोण बसणार? माझं लगीन झालं, मी गेले सासरी. मग मायला दळू लागायला तुझा बापच उरला. दहा वर्साचं लेकरू. पहाटं उठून बसायचा, डोळे मिटलेलेच. मायचा हात खाली, ह्याचा वर. दळता दळता झोपायचा बी, पण हात सोडायचा नाही."

मी गप्प बसले. भाचीला मात्र राहवलं नाही. "पण आजी, मग त्यांनी विठोबाचं तोंड का नाही काढलं?"

आत्याने चष्मा काढून पदराला पुसला.

"त्याला त्याचं तोंड कसं दिसणार गं?"

ती वही आता माझ्याकडे पुण्यात आहे. दादाने आणि आत्याने नेऊ दिली. मी गेली वीस-बावीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवते, आणि पहिल्याच तासाला सांगत आलेय की बघून काढू नका, मनाने काढा. परवाच्या तासाला ते वाक्य तोंडाशी आलं आणि तिथेच थांबलं. म्हटलं, काढा बघून. फक्त कशावरून काढलं ते खाली कोपऱ्यात लिहा.

तुमच्याही घरी ट्रंकेत, माळ्यावर अशी एखादी वही असेल. देवादिकांची, चांदोबाची, कुणावरून तरी काढलेली. असली तर एकदा काढून शेवटच्या पानापर्यंत बघा. आणि काढणारं माणूस अजून घरात असेल, तर वही त्यांच्याच शेजारी बसून बघा. मला ते जमलं नाही.