पोटात दात नसतात

शेगाव स्टेशनवर गाडी थोडाच वेळ थांबते. प्रवासी खिडकीतून कचोरी घेतो, एक डोळा सिग्नलवर ठेवतो आणि चार घासांत ती संपवतो. त्याची घाई समजू शकते. पण घरी दस्तरखानवर बसल्यावर आपली कोणती गाडी सुटत असते?

शाळेच्या मधल्या सुट्टीत मुलं पोषण आहाराची खिचडी अक्षरशः पितात, कारण मैदान बोलावत असतं. लाळेतल्या विकरामुळे पिष्टमय पदार्थांचं पचन तोंडातच सुरू होतं, हे तीच मुलं पेपरात बरोबर लिहितात. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण 20 मिनिटं लागतात. जो 7 मिनिटांत उठतो, तो निरोप येण्याआधीच जास्त खाऊन बसतो. घाईत हवाही गिळली जाते, मग ढेकर आणि पोटफुगी. मोठा घास श्वासनलिकेत अडकला तर जिवावरच बेततं. लहान मुलांना आणि दात पडलेल्या म्हाताऱ्यांना हा धोका जास्त.

रमजानमध्ये ही घाई सगळ्यात जास्त दिसते. मगरिबची अजान झाली की भजी, फळं, सरबत एकामागून एक पोटात जातात. खरं तर रीत किती शहाणी आहे: खजूर आणि पाण्यानं रोजा सोडायचा, नमाज पढायची, मग जेवायला बसायचं. मधल्या त्या काही मिनिटांत उपाशी पोट सावरतं. आपण ती मिनिटंच भज्यांनी भरून टाकतो.

उर्दूत घासाला निवाला म्हणतात. आज रात्री तो थोडा लहान घ्या आणि गिळेपर्यंत दुसरा उचलू नका. मुलं आपल्याकडे बघूनच जेवायला शिकतात.