विजेची मोटार व अक्काचा मुक्काम

आमच्या चिरंजिवांनीं विजेवर चालणारी मोटार घेतली, तेव्हां आळींतील प्रत्येकानें एकच प्रश्न केला, "वाटेंत संपली तर?" चंद्रपुरांत हा प्रश्न निघावा याची मला मौज वाटली. गांवाशेजारीं २९२० मेगावॅटचें महाऔष्णिक वीजकेंद्र अहोरात्र जळत आहे. त्याची राख आमच्या ओसरीवर उतरते आणि वीज सर्व महाराष्ट्रांत जाते. मोटार धूर सोडीत नाहीं, असें चिरंजीव अभिमानानें सांगतात. तिचा धूर दुर्गापुरास निघतो, एवढेंच मी म्हणतों. असो.

गेल्या चैत्रांत माझी थोरली बहीण अक्का हिनें आलापल्लीस जाण्याची इच्छा बोलून दाखविली. तिचे यजमान जंगलखात्यांत होते. लग्नानंतरचीं पहिलीं सात वर्षें तिनें तेथील सागवानाच्या रानांत काढलीं. पुढें यजमानही गेले, आणि तिकडे जाणें राहिलें तें राहिलेंच. आतां वय ७९, गुडघे धरलेले. "बसचे हिसके सोसवणार नाहींत रे. तुझ्या गाडींतून एकदां पाहून येऊं. संध्याकाळीं परत," असें ती भाच्यास म्हणाली.

आम्ही बापलेक कागद घेऊन बसलों. बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी, मग वैनगंगेचा पूल, आष्टी आणि आलापल्ली. एकेरी अंतर सुमारें १२० किलोमीटर. बॅटरी ३० युनिटांची. जाहिरातीप्रमाणें एका भरणींत ३०० किलोमीटरांहून अधिक जावयास हवें. पण तो आंकडा चांचणींतला. चैत्राचें ऊन, आंत गारव्याचें यंत्र, चार माणसें, एवढें धरल्यास युनिटास सात किलोमीटर पुष्कळ झाले. म्हणजे २१०. त्यांतील पांचवा हिस्सा हातचा ठेवावयाचा, उरले १६८. जाऊन येऊन २४०! तेव्हां आलापल्लीस दहा-अकरा युनिटें तरी गाडीच्या पोटांत घालणें भाग होतें. घरांतील पंधरा अँपिअरच्या सॉकेटांतून तासाला सुमारें तीन युनिटें मिळतात. तेथें माझा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याच्या ओसरीशीं गाडी चार तास उभी करावी, तेवढ्यांत अक्काचें जुनें घर पाहावें, जेवावें, आणि दिवस असतां निघावें, असें ठरलें. रात्रीं त्या रस्त्यानें येणें आम्हांस नको होतें. जनावरें आडवीं येतात. भ्रमणध्वनीवरचा नकाशा रानांत मुका होतो, म्हणून सर्व अंतरें मी वहींत उतरून घेतलीं.

हें करीत असतां मला वडिलांची आठवण झाली. मार्कंड्याच्या जत्रेस बैलगाडीनें निघण्यापूर्वीं कोणत्या विहिरीला पाणी आहे, कोणाच्या गोठ्यांत तणस मिळेल, याची ते अशीच विचारपूस करीत. मुक्काम कोठें पडावयाचा हें बैल ठरवीत, वडील नव्हे.

पहांटेस निघालों. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, हें चिरंजिवांस मीच एके काळीं शिकविलें होतें. तेंच मला ऐकवून त्यांनीं गाडी साठांवर धरली. आष्टीच्या पुढें खनिजाचे ट्रक इतके, कीं याहून वेगानें जाण्याचा प्रश्नच नव्हता. मोहाच्या झाडांखालीं टोपल्या घेऊन बाया फुलें वेंचीत होत्या. दहाच्या आंत आलापल्ली आली. बॅटरींत शेंकडा ४४ शिल्लक. गणित जुळलें म्हणून मी मनांत खूष झालों.

विद्यार्थ्यानें आनंदानें दार उघडलें, सॉकेट दाखविला. आम्ही तार जोडली, आणि चार्जरवर लाल दिवा लागला. दुसरा सॉकेट, तोच दिवा. अर्थिंग नाहीं! त्या घरांत फ्रिज आणि पंखे वर्षानुवर्षें चालले होते. त्यांनीं कधीं विचारलें नाहीं, हिनें विचारलें. वायरमन दुसऱ्या गांवीं गेलेला, तो चार वाजतां उगवला. त्यानें भिंतीलगतचा खड्डा शोधून काढला. मीठ-कोळसा सर्व कोरडा ठणठणीत. गंजलेली तार खरवडून नवी बांधली आणि म्हणाला, "आतां पाणी घाला, भरपूर." अक्का खुर्ची मागवून खड्ड्याशीं बसली आणि तुळशीला घालावें तसें तांब्यातांब्यानें पाणी घालूं लागली. कितीक बादल्या जिरल्या. दिवेलागणीस हिरवा दिवा लागला.

मुक्काम पडला. सकाळीं योजनेप्रमाणें अक्काचें घर आम्ही बाहेरून पाहिलें होतें. कुलूप होतें, अर्धें छप्पर बसलेलें. आतां रात्रीं अंगणांत खाटा टाकल्या, तेव्हां ती बोलूं लागली. त्या घरांत तिचें पहिलें मूल गेलें होतें, दहा महिन्यांचें. श्रावणाचा पाऊस, रस्ता बंद, चंद्रपूर गांठतां आलें नाहीं. मी तेव्हां दहा वर्षांचा. मला कोणीं सांगितलेंच नव्हतें. "नांव ठेवलें होतें," ती म्हणाली, आणि नांव सांगितलें. चिरंजीव उठून उगाच चार्जर पाहून आले.

सकाळीं गाडी पूर्ण भरली होती. अक्का पुन्हां त्या घराकडे जाऊन पायरीवर थोडा वेळ बसली. आम्ही फाटकाशीं थांबलों. मग परत येऊन निघण्यापूर्वीं तिनें खड्ड्यांत आणखी दोन तांबे ओतले. पुढच्या वेळीं विद्यार्थ्यास काय विचारावयाचें तें मीं वहींत लिहून ठेवलें आहे: सॉकेट आहे काय, हें नव्हे, अर्थिंग ओलें आहे काय, हें. कारण अक्कानें वाटेंतच विचारलें, "दसऱ्यानंतर येऊं या का रे पुन्हां? तेव्हां ऊन नसतें."