फुंकणी विजेची

आज गच्चीवर पेलेटची शेगडी बसली. रावेतमध्ये थंडी ती केवढी; पण पवनेवरून येणारा पहाटेचा गारठा आईच्या गुडघ्यांना बरोबर सापडतो. आंघोळीचं पाणी आता हिच्यावर.

मूठभर पेलेट हातात घेतले. जेमतेम 8 मिलिमीटर जाडीचे, गुळगुळीत, भुशाच्या वासाचे. त्यांत डिंक नसतो म्हणे. दाबताना तापलं की लाकडातलंच लिग्निन मऊ होतं आणि भुसा धरून ठेवतं. पंखा घुरघुरला, आधी थोडा धूर, मग स्वच्छ ज्योत.

आई बघत होती. म्हणाली, "अरे, हा तर आपला बंबच. फुंकणी तेवढी विजेची झाली."

राख निघाली वाटीभर. ती मात्र तिने तुळशीत घातली, नेहमीसारखीच.