स्वर्गावरून सूत

सरळ रेषेचं आणि माझं लहानपणापासून कधी सूत जुळलं नाही. शाळेत ड्रॉइंगच्या मास्तरांनी माझी वही वर्गभर फिरवली होती आणि 'पृथ्वी गोल असल्याचा आणखी एक पुरावा' असा तिचा गौरव केला होता. लग्नानंतर हौसेनं भिंतीवर देवाची तसबीर लावली, तर बायको मान कलती करून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "देवाला तरी सरळ उभं राहू द्यायचंत!" अशा माणसाच्या वाट्याला आयुष्यभर मार्किंगची नोकरी यावी, यालाच प्राक्तन म्हणतात.

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागावं, खेड-शिवापूरचा टोलनाका ओलांडावा, की आलं आमचं शिवरे. तालुका भोर. भाताची खाचरं, पत्र्याच्या शेडी आणि मधून अहोरात्र धावणारा महामार्ग. त्यातल्याच एका शेडमध्ये आम्ही पवनचक्कीचं टोपडं शिवतो. हसू नका. पवनचक्कीची पाती सगळ्यांना दिसतात. पण पात्यांच्या मागं, खांबाच्या डोक्यावर एक खोली असते आणि खरी यंत्रं त्या खोलीत असतात. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर गेलात तर मान वर करून पाहा. त्या खोलीला ऊन-पाऊस लागू नये म्हणून फायबरचं आवरण घालतात. तेच आमचं टोपडं.

ते करायची रीत आजीच्या गोधडीसारखी. एक मोठा साचा असतो. त्यात काचेच्या धाग्यांच्या कापडाचे तुकडे एकावर एक अंथरायचे, त्यांना रेझिन पाजायचं, वाळलं की सोडवून घ्यायचं. फरक इतकाच, की आजीचा तुकडा कुठंही बसे. इथं कुठला तुकडा कुठं, धागा आडवा की तिरपा, शेजारच्या तुकड्यावर किती चढायचा, हे सगळं ड्रॉइंगात ठरलेलं असतं. तुकडा सरकला, की त्या जागी आवरण दुबळं होतं आणि पठारावरचा वारा अशी जागा बरोबर शोधून काढतो.

या तुकड्यांच्या खुणा आमचे मिस्त्री करत. मिस्त्री शिवऱ्याचेच. सामान काय, तर दोरा, ओळंबा, गुण्या आणि कानावर खडू. त्यांचं माप सुतात चाले. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरच्या किंचित वर. मी मिलिमीटरमध्ये बोलायचो, मिस्त्री सुतात ऐकायचे आणि काम बरोबर व्हायचं. आमचे मालक अधूनमधून औद्योगिक प्रदर्शनाला जातात. ते प्रदर्शनाला गेले, की शेडमध्ये सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. यंदा ते परत आले ते लेसर प्रोजेक्टरची छापील पत्रकं घेऊनच.

"हे घेतलं तर किती माणसं वाचतील, एक टिपण करा," त्यांनी मला फर्मावलं. 'वाचतील' या शब्दाची मला मोठी गंमत वाटते. ज्यांची नोकरी जाते, ती माणसं हिशेबात 'वाचली' अशी मांडतात. मी टिपण लिहिलं : 'मार्किंगसाठी मिस्त्रींची आवश्यकता राहणार नाही.' शुद्धलेखन तपासलं आणि खाली सही ठोकली. आयुष्यात पहिल्यांदा ती अगदी सरळ आली.

यंत्र आलं. मिठाईच्या मोठ्या डब्याएवढी पेटी. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर चालवून दाखवला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला 'मृत्युकिरण' ठरवून टाकलं होतं. तो मृत्युकिरण आता शिवऱ्यात गोधडीच्या खुणा करायला आला होता. मेमनचा किरण लाल, आमचा हिरवा, कारण माणसाच्या डोळ्याला हिरवा रंग सगळ्यांत ठळक दिसतो. पेटीत किरण एकच असतो आणि दोन चिमुकले आरसे असतात. एक आरसा किरणाला आडवा हलवतो, दुसरा उभा. लहानपणी तुम्ही अंधारात पेटती उदबत्ती गरगर फिरवली असेल. टोक एकच, पण दिसतं अख्खं वर्तुळ. तीच ही युक्ती. ठिपका इतक्या वेगानं पळतो, की साच्यावर तुकड्याची पूर्ण किनार आखलेली दिसते. लोक सुतावरून स्वर्ग गाठतात. आमच्याकडं स्वर्गावरून सूत खाली येणार होतं.

यंत्र बसवायला आलेल्या पोरानं ते आढ्याच्या लोखंडी तुळईला टांगलं आणि बटण दाबलं. साच्यावर हिरवी रेघ उमटली. सगळे "वा!" म्हणाले, तोच बाहेरून एक कंटेनर गेला आणि रेघ थंडीतल्या म्हाताऱ्यासारखी थरथरली. तुळई शेडची, शेड महामार्गाच्या कडेला. रस्ता हलला, की आमची रेघ हलणारच. मग जमिनीत बोल्ट मारून स्वतंत्र उंच खांब उभा केला आणि यंत्राला त्यावर बसवलं. मिस्त्री लांबून पाहत होते. "ओळंबा बी वाऱ्यात धरून चालत न्हाई," एवढंच म्हणाले.

आता मुख्य काम : जुळवणी. हे यंत्र कितीही हुशार असलं तरी सुरू होताना त्याला एवढंही माहीत नसतं, की आपण कुठं आहोत आणि साचा कुठं आहे. मुंबईच्या स्टेशनावर नवखा माणूस उतरतो, तशी त्याची अवस्था. म्हणून साच्याच्या लोखंडी कडेला ठरावीक भोकांत चकचकीत टार्गेटं बसवतात. रात्री महामार्गावरच्या पाट्या जशा गाडीचा उजेड गाडीकडंच परत पाठवतात, तशीच ही टार्गेटं. भोकांची नेमकी जागा आधी मोजून घ्यावी लागते. त्यासाठी एक मोजणीवाले भाड्याचा लेसर ट्रॅकर घेऊन आले, दिवसभर मोजलं आणि ड्रॉइंगशी जुळवून आकड्यांची फाइल देऊन गेले. ती फाइल मोजणीच्या सॉफ्टवेअरात घालायची. मग यंत्र किरणानं एकेक टार्गेट चाचपतं आणि आरशांच्या कोनांवरून गणित करून ठरवतं, की 'मी इथं आहे, साचा तिथं आहे.'

आमची टार्गेटं होती चार. चाचणीच्या दिवशी मालक, त्यांचे मेहुणे आणि पेढ्यांचा पुडा असे सगळे हजर. मी कॉम्प्युटरपुढं बसलो. गणित सुरू झालं आणि पडद्यावर चौथं टार्गेट लालभडक झालं. बाकीची पिवळसर. 'चूक मर्यादेबाहेर.' मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मला बसवणाऱ्या पोराचे शब्द आठवले, "सर, एखादं टार्गेट लाल झालं तर त्याची टिक काढून टाकायची." मी चौथ्याची टिक काढली. क्षणात उरलेली तिन्ही हिरवीगार! चूक ०.००. टाळ्या पडल्या. मालकांच्या मेहुण्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. मी पेढा तोंडात टाकला.

मिस्त्री काही न बोलता साच्यापाशी गेले. दोरा ताणला, ओळंबा सोडला, एक डोळा मिटून पाहिलं.

"सायेब, दोन सूत सरकलंय."

"मिस्त्री, यंत्र शून्य दाखवतंय!" पेढ्यामुळं माझा आवाज जरा जाड आला होता.

"शून्य म्हंजी कुनी काय बोललं न्हाई म्हनून शून्य?" मिस्त्रींनी विचारलं. "आन चौथ्याला का उठिवला?"

"तो जुळत नव्हता."

"मग त्याला इचारायचं, बाबा का जुळंना? उठिवला कशापायी?" मिस्त्री दोरा गुंडाळत म्हणाले, "आमच्याकडं रानाची मोजणी येती. मोजणीवाला पयला बांध मोजीत न्हाई. बांधाचा काय भरवसा, त्यो रातचा चालतो. आधी हद्दीचे जुने दगुड हुडकतो. एखादा दगुड जुळंना, तर त्यो उपटून टाकीत न्हाईत सायेब. कुनी सरकिवला, ते बघत्यात."

मिस्त्रींच्या आजोबांच्या वेळी ३३ फुटांची साखळी होती. तिच्या एका लांबीचा चौरस म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. आता मोजणीवाले रोव्हर घेऊन उपग्रहाला विचारतात. साखळी गेली, पण दगडांना विचारायची रीत गेली नाही. मी मात्र दगडच उठवून मोकळा झालो होतो.

पेढा घशात अडकला, तो त्यानंतर. कारण मला शाळेतलं गणित आठवलं. यंत्राला सहा गोष्टी शोधायच्या असतात : आपण लांबी, रुंदी आणि उंचीत कुठं आहोत, या तीन, आणि तीन दिशांनी किती कललो आहोत, या तीन. एक टार्गेट दोन कोन देतं. म्हणजे तीन टार्गेटांचे झाले सहा. सहा प्रश्न, सहा उत्तरं, हिशेब पूर्ण. मग त्या तिघांतलं एखादं धडधडीत खोटं बोलत असलं, तरी चूक दाखवायला कोणी उरतच नाही! चूक दाखवायला साक्षीदार लागतो तो चौथा, आणि खोटं नेमकं कोण बोलतंय हे ठरवायला पाचवा-सहावा असेल तर बरं. आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ प्रत्येक ठरावाला हरकत घेतात. एकदा ते गावाला गेलेले पाहून आम्ही पाण्याच्या टाकीचा ठराव एकमतानं मंजूर केला. टाकी अजून गळते आहे. एकमताचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

"मग खोटं कोण?" मालकांनी विचारलं. ते मिस्त्रींना विचारत होते, मला नव्हे.

मिस्त्रींनी टेप काढली. टार्गेटांची जोडी-जोडीनं अंतरं मोजायची, मी ती फाइलमधल्या आकड्यांवरून काढलेल्या अंतरांशी ताडायची. एक आणि तीन जुळले. तीन आणि चार जुळले. एक आणि चार जुळले. ज्या जोडीत दोन नंबर आला, ती प्रत्येक जोडी बिनसली. मिस्त्रींनी दोन नंबरच्या भोकाभोवती अंगठा फिरवला. रंगाला बारीक तडा गेला होता. मोजणीवाले गेल्यानंतर चेनपुलीचा हूक तिथं आपटला होता आणि लोखंडी कड वाकली होती. त्या वाकड्याशी हसून जुळवून घेणाऱ्या दोघांसह मी एकमत घडवलं होतं. खरं बोलणाऱ्या चौथ्याला मात्र आरडाओरडा केला म्हणून सभेबाहेर काढलं होतं. सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो तोच गुन्हेगार, असं गणित नसतं. एकाची चूक सगळ्यांत वाटली जाते आणि लाल भलताच होतो.

त्या दिवशी कापड अंथरलं नाही. मोजणीवाले पुन्हा आले, कड सरळ केली, टार्गेटं सहा केली, सगळी नव्यानं मोजली. पुन्हा हिरवी रेघ पडली. मिस्त्रींनी तिच्यावर दोरा धरला. अर्ध्या सुताचा फरक निघाला. माझा जीव खालीवर. मिस्त्रींनी दोन्हींकडं बराच वेळ पाहिलं.

"ह्यो फरक माझा," ते म्हणाले. "दोरा लांब ताणला का मधी झोळ खातो. उजेडाला झोळ न्हाई." आणि त्यांनी दोरा खिशात टाकला. पंचवीस वर्षांचा दोरा इतक्या सहज खिशात टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला तर एक टिपणसुद्धा खिशात टाकता आलं नव्हतं.

आता रोज सकाळी यंत्र सुरू व्हायच्या आधी मिस्त्री सहाही टार्गेटांवर अंगठा फिरवतात. दुपारी पत्रा तापला की पुन्हा तपासायला लावतात. लोखंडही उन्हात फुगतं, सहा मीटरला दहा अंशांत पाऊण मिलिमीटरच्या आसपास. पडद्यावरच्या चुकांच्या रकान्याला ते 'साक्षी' म्हणतात. "सायेब, साक्षी बघितल्या का?" शून्य आलं, की त्यांना जास्त संशय येतो.

त्या आठवड्यात मालकांनी विचारलं, "तुमच्या त्या टिपणात काही बदल?" मी नवा कागद घेतला आणि लिहिलं : 'मार्किंगसाठी यंत्र पुरेसं आहे. यंत्रासाठी मिस्त्री आवश्यक आहेत.' आधीचं टिपण कोणी लिहिलं होतं, हे मिस्त्रींना ठाऊक होतं की नाही, मी अजून विचारलेलं नाही. कागद पुढं सरकवून सही केली तेव्हा ते शेजारीच उभे होते. हात थोडा कापला.

सही वाकडी आली. मिस्त्रींनी एक डोळा मिटून तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सायेब. जुळतीय."