कुत्र्याचा वाटा

माझं माहेर आळत्याचं. रामलिंगच्या डोंगराच्या अलीकडं मळा, मळ्यातच घर, घरापुढं गोठा आणि गोठ्याच्या तोंडाशी कुत्रं. कुत्री बदलत गेली. वाघ्या गेला, मोत्या आला, मोत्यानंतर त्याचीच पोरं राहिली. वाडगं मात्र तेच राहिलं, एका बाजूनं चेपलेलं, जर्मनचं. आज्जी सकाळी जोंधळ्याच्या भाकरी थापायची तेव्हा पिठाचा शेवटचा गोळा मुद्दाम राखायची. ती कुत्र्याची भाकरी. वाडग्यात कुस्करून वर ताक ओतायचं. ताक नसेल त्या दिवशी भाताची पेज. कुणी घाईत नुसती भाकरी कुत्र्यापुढं टाकली तर तिला खपायचं नाही. मग नामदेवांची गोष्ट ठरलेली. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागं धावले, देवा, कोरडी खाऊ नका म्हणत. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या बहुतेक पोरांनी ऐकलेली असते. आम्हांला ती वाडग्यासमोर उभं राहून ऐकायला मिळाली.

कुत्र्याचा वाटा असतो, ही समज मला तिथं मिळाली. उरलंसुरलं टाकणं वेगळं आणि वाटा काढणं वेगळं. आमच्याकडं दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाच्या पायाशीही कुत्रं असतं. नरसोबाच्या वाडीला जाऊन आलेली माणसं परतीच्या वाटेवर कुत्र्याला हाड म्हणताना जरा थांबतात.

पुढं मी हायस्कूलला विज्ञान शिकवायला लागले आणि या वाट्याची दुसरी बाजू वाचनात आली. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी लांडग्याची आणि कुत्र्याची जनुकं शेजारी ठेवून पाहिली. पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात सहसा दोनच प्रती असतात. कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत सापडल्या. माणूस शेती करू लागला, त्याच्या धान्याच्या आसऱ्याला कुत्रं आलं आणि त्याचं पोटच बदलत गेलं. वाघ्याला ताकातली भाकरी मानवत होती त्यामागं हजारो वर्षांची सोबत होती.

तरी त्या दिवसांना मी सोन्याचा मुलामा देणार नाही. मळ्यातली कुत्री फार जगत नसत. एखादं दोन दिवस हरळी खाऊन ओकायचं, उसाच्या सरीत जाऊन पडायचं आणि परत यायचंच नाही. त्याला काय झालं होतं हे कुणाला कळायचं नाही. ते कुठं मुततं, किती वेळा मुततं, हे बघायला तर कुणालाच सवड नव्हती.

लग्न होऊन मी हातकणंगल्यात आले. स्टेशनकडच्या आमच्या घरातही वाटा निघत राहिला, गल्लीतल्या कुत्र्यांसाठी. आणि मग लेकीनं चिंगीला आणलं. पांढरी, झुपकेदार शेपटीची, पाच किलोची कुत्री. इथं अशा कुत्र्याला सरसकट पामेरियन म्हणतात. लेक नोकरीला गेली आणि चिंगी माझ्या पायात घुटमळत राहिली.

एका पावसाळ्यात ती अंगणात चार पावलं टाकायची आणि बसायची, पुन्हा चार पावलं आणि पुन्हा बसायची. दर वेळी दोन-तीन थेंब. मागल्या दाराच्या पांढऱ्या फरशीवर त्या थेंबांना गुलाबी झाक दिसली. पोटाचं दुखणं तिला आधीपासून होतंच. पहाटे पिवळा फेस ओकायचा, मध्येच शी पातळ आणि शेंबडासारखी व्हायची. आता दोन्ही एकदम सुरू झालं.

आमचा तालुका दुधाचा. इथले पशुवैद्य गाईम्हशींत दिवसरात्र गुंतलेले असतात. त्यांनीच कोल्हापुरातल्या लहान जनावरांच्या डॉक्टरांकडं जायला सांगितलं, आणि सोबत एक मोलाची सूचना दिली. लघवी घरून बाटलीत भरून नेऊ नका, तिथंच घ्या. कारण काकवीसारखंच. काकवी भांड्यात गार होऊन बरेच दिवस राहिली की तळाला साखरेचे खडे धरतात. लघवीही गार झाली, फ्रीजमध्ये ठेवली किंवा तशीच राहिली, की मूत्राशयात नसलेले स्फटिक बाटलीत तयार होतात. मग तपासणारा नसलेल्या रोगावर औषध देऊन बसतो. नमुना ताजा हवा, तासाभराच्या आत काचेखाली गेलेला.

डॉक्टरांनी तसंच केलं आणि मी शिक्षिका आहे कळल्यावर मायक्रोस्कोपजवळ मला जागा करून दिली. वर्षानुवर्षं मुलांना कांद्याची साल दाखवली त्याच जातीचं यंत्र. भिंगाखाली स्वच्छ, रंगहीन, कडा तासलेल्या पेट्या विखुरल्या होत्या. पुस्तकांत त्यांना शवपेटीच्या झाकणाची उपमा देतात. ते स्ट्रुव्हाइट होतं, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचं पाणी धरून बसलेलं मीठ. हे खनिज १८४५ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये एका चर्चच्या पायाच्या खोदकामात ओळखलं गेलं आणि फॉन स्ट्रुव्ह या जाणकाराचं नाव त्याला मिळालं. जमिनीत सापडलेली ती वस्तू चिंगीच्या मूत्राशयात बनत होती.

ती का बनते, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. मांजरात या मिठाचे खडे बहुतेक वेळा जंतूंशिवाय होतात. कुत्र्यात, विशेषतः मादीत, मुळाशी बहुधा जंतुसंसर्ग असतो. काही जंतू लघवीतला युरिया फोडून अमोनिया करतात. लघवीची आम्लता जाते, ती अल्कधर्मी होते आणि अशा लघवीत हे मीठ विरघळलेलं राहू शकत नाही. म्हणून आधी जंतू कोणता हे कल्चर करून शोधायचं, त्यावरच लागू पडणारं प्रतिजैविक द्यायचं आणि ते पुरेसे दिवस द्यायचं. आहार त्याच्या जोडीला. नुसतं पथ्य पाळून जंतू जात नाही.

घरी आल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. आमच्या भागात मुतखडा घरोघरी माहीत. कुणी हुलग्याचं कढण सांगितलं, कुणी परसातल्या पानफुटीची पानं आणून दिली. माया खरी होती, पण माणसाचं औषध कुत्र्याला लागू पडेलच असं नाही, आणि खडे सगळे एका जातीचे नसतात. स्ट्रुव्हाइट विरघळतं. कॅल्शियम ऑक्सलेटचा खडा आहारानं विरघळत नाही, तो काढावाच लागतो, आणि लहान जातीच्या कुत्र्यांत तोही बराच आढळतो. शिवाय स्ट्रुव्हाइट हटवायला लघवी आम्ल करत सुटलं तर ऑक्सलेटला वाट मोकळी होते. एकाला घालवताना दुसऱ्याला बोलावणं होतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९८१ पासून फक्त असे खडे तपासणारं केंद्र चालतं. जगभरातून पाळीव जनावरांचे खडे तिथं येतात आणि प्रत्येकाचं घटक-पृथक्करण होतं. खडा कशाचा हे ठरल्याशिवाय ताटात काय वाढायचं हे ठरत नाही, हे त्या कामानं जगाला शिकवलं.

चिंगीच्या बाबतीत पेच पुढंच होता. स्ट्रुव्हाइट विरघळवण्यासाठी जी खास तयार खाद्यं मिळतात त्यांतल्या काहींत प्रथिनं, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम कमी ठेवतात, तहान लागावी म्हणून मीठ थोडं वाढवतात, आणि प्रथिनांची ऊर्जा भरून काढायला चरबी जास्त घालतात. चिंगीचं पोट नेमकं चरबीलाच दबत होतं. लहान कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला चरबीनं सूज येऊ शकते आणि ती जिवावर बेतते. मूत्राशयाला जे हवं ते पोटाला नको होतं. डॉक्टरांनी मग प्रतिजैविकावर मुख्य भार टाकला, पोटासाठी कमी चरबीचं खाणं ठरवलं आणि दोन्हीकडं चालेल असा एकच उपाय मधोमध ठेवला. तो म्हणजे पाणी.

तेव्हा मला नामदेवांची गोष्ट नव्यानं उमगली. पाच किलोच्या कुत्रीला दिवसभरात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी पुरतात आणि मोठ्या चमचाभर तुपातच सव्वाशेच्या आसपास असतात. नामदेवांचं तूप चिंगीला घातक होतं. पण गोष्टीचा जीव तुपात नाहीच. समोरचा जीव कोरडं खातोय, हे त्यांच्या नजरेला पडलं आणि त्यांनी धाव घेतली, गोष्ट तिथं आहे. कोरड्या तयार दाण्यात पाणी शेकडा दहाच्या आसपास असतं. ओल्या खाण्यात ते शेकडा पंचाहत्तरपर्यंत जातं. लघवी पातळ राहिली, तिचं विशिष्ट गुरुत्व १.०२० च्या खाली राहिलं, तर मीठ खाली बसण्याचा संभव बराच कमी होतो. ताकात कुस्करलेल्या भाकरीतून वाघ्याच्या पोटात किती पाणी जात होतं, हे मला इतक्या वर्षांनी दिसलं.

मग स्वयंपाकघरात चिंगीचा वेगळा ओटा झाला. कातडी आणि चरबी काढलेलं कोंबडीचं छातीचं मांस साध्या पाण्यात शिजवायचं. मऊ भात, किसून वाफवलेला दुधी नाहीतर तांबडा भोपळा. कांदा-लसणाचा स्पर्श नाही, कारण ते कुत्र्याचं रक्त नासवतात. आमच्या घरात शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही, पण कूट, पालक आणि राजगिऱ्याचा पाला तिच्यासाठी बंद, कारण त्यांत ऑक्सलेट फार. नुसत्या भात-कोंबडीवर कुत्रं निरोगी राहत नाही, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं कमी पडतात. म्हणून डॉक्टरांनी मोजून दिलेली पूड त्यात जाते. सगळं वजनकाट्यावर तोलायचं आणि शेवटी कोमट पाणी, भाताचं शीत तरंगेल इतकं. चिंगी आधी पाणी लपलप पिऊन संपवते आणि मग तळाचं खाते. दिवसात लहान लहान वाटे, पहाटेचा फेस टाळायला रात्री झोपताना एक, आणि प्रत्येक खाण्यानंतर बाहेर, कारण तुंबलेली लघवी घट्ट होते.

वजनकाटा माहेरच्या माणसांना रुचला नाही. माहेरचे आण्णा आले तेव्हा बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, कुत्र्याला कुठं तोलून घालत्यात व्हय?" त्यांचं बोलणं मला समजत होतं. आमच्या बाजूला हात सैल असणं हाच मोठेपणा. पंगतीत वाढपी आग्रह करतो, पाहुणा नको नको म्हणतो आणि पानात पडतच राहतं. रस्सा मागावा आणि वाटी भरून यावी. मापून वाढणं म्हणजे मन लहान असणं, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं.

आमचं पथ्य सर्वांत आधी कळलं ते शेजारच्या वहिनींना. त्या जैन. बाहुबलीच्या तीर्थाला नेमानं जाणाऱ्या. सूर्य मावळल्यावर जेवण नाही, पाणी गाळल्याशिवाय पिणं नाही, चातुर्मासात कितीतरी जिन्नस वर्ज्य. खाण्याला नेम असतो आणि नेमानं अन्नाचा मान वाढतो, हे त्यांना सांगावं लागलं नाही. आम्ही परगावी गेलो की चिंगी त्यांच्याकडं राहते. मांसाचा डबा त्या हातात घेत नाहीत, तो त्यांचा नातू उघडतो. पाणी मात्र त्या स्वतः देतात, गाळून. आणि आम्ही परतलो की पहिलं वाक्य असतं, "पोरगी सकाळधरनं चारदा लघवीला गेली हो, धार चांगली होती." गल्लीतल्या पोरांनाही त्यांनीच ताकीद दिली, हिला बिस्कीट घालायचं नाही. आता पोरं बिस्कीट न देता चेंडू टाकतात आणि चिंगीला त्यात काही कमी वाटत नाही.

संसर्ग गेला. पुढच्या तपासणीत काच निर्मळ होती. पोट अधूनमधून कुरकुरतं, पण पूर्वीसारखं नाही. हा आजार उलटू शकतो, म्हणून ठरल्या वेळी ताजी लघवी तपासणं चालू आहे. आण्णा आता फोनवर ख्यालीखुशाली विचारताना चिंगीच्या पाण्याचंही विचारतात.

घरोघरी लहान कुत्री आली आहेत. इचलकरंजीपासून वडगावपर्यंत कुठंही दार वाजवा, आतून बारीक भुंकणं येतं. ज्यांच्या घरी ती आहेत त्यांना मला कळकळीनं सांगायचं आहे. कुत्रं वारंवार बसतंय, थेंब थेंब करतंय, लघवीत लाली आहे, तर थांबू नका. नर असेल आणि लघवी अडली असेल तर सकाळची वाट बघू नका, ते जिवावर बेतू शकतं. खडा कोणता हे कळू द्या, मग पथ्य ठरवा, आणि पोटाचा त्रास असेल तर तोही डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण एकाचं पथ्य दुसऱ्याला बाधू शकतं. वाटा काढण्याची आपली रीत फार चांगली आहे, ती जपूया. पण वाढणाऱ्याचं काम ताट पुढं सरकवून संपत नाही. खाल्लेलं त्या जिवाला मानवलं का, हे त्याच्या पोटावरून आणि मुतावरून रोज बघणं, हेही त्या वाढण्यातच येतं.