एवढं एक पुडकं

आमच्या सोलापुरात एखादा माणूस परगावी निघाला, की त्याच्याआधी त्याची बातमी पेठेभर फिरून येते. पुण्याला जायचे असेल तर घरून निघताना हातात एक पिशवी असते; स्टेशनवर पोहोचेपर्यंत तिच्या दोन झालेल्या असतात. मुंबईला जायचे असेल तर तीन. आणि परदेशी जायचे असेल तर विचारूच नका! ज्यांनी दहा वर्षांत आपल्याला साधे ‘बरे आहात ना?’ म्हणून विचारलेले नसते, तेही दारात उभे राहून म्हणतात, ‘‘तुम्हाला काय ओझं होणार आहे? एवढं एक पुडकं!’’

तक्रार करण्याचा मला अधिकार नाही. मीही आजवर अनेकांच्या गळ्यात शेंगाचटणीचे डबे आणि कडक भाकरीच्या चळती मारलेल्या आहेत. या पुडक्याचे शास्त्र आम्हा सर्वांना पाठ असते. पहिला नियम असा, की पुडके नाकारायचे नाही. दुसरा असा, की ते उघडून पाहायचे नाही. पहिला मोडणारा माणूसघाणा ठरतो; दुसरा मोडणारा चोर.

मागच्या दिवाळीला आम्ही उभयता दुबईला मुलीकडे गेलो. नातवाची पहिली दिवाळी होती, त्यामुळे आमच्या सौभाग्यवतींनी महिनाभर आधीपासून डबे घासायला काढले होते. अशात एके दिवशी जावईबापूंनी फोनवर एक लांबलचक यादी पाठवली. काय आणावे याची नव्हे. काय आणू नये याची. ‘‘बाबा, एकदा नीट वाचा,’’ असे वर बजावले होते. चाळीस वर्षे मुलांना ‘नीट वाचा’ म्हणून सांगणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावे लागले!

यादीत पहिलेच नाव खसखशीचे होते.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. खसखस! जी आपण बाळंतिणीला खिरीतून देतो, ती? मग जावईबापूंनी समजावून सांगितले. खसखस ही अफूच्याच झाडाची बी. तिच्यात नशा नसल्यातच जमा. पण बोंडाचा चीक तिला बाहेरून लागलेला असू शकतो. आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने अफूचे बोंड, काड, सगळे धरले आहे आणि बी तेवढी वगळली आहे. म्हणून नीमच-मंदसोरकडे सरकारी परवान्याने पिकणाऱ्या अफूची बी आमच्या किराणा दुकानात उजळ माथ्याने विकली जाते. अमिरातींच्या सरकारने ती वगळलेली नाही. सौदी अरेबियाने नाही, आणि सिंगापूरनेही नाही.

‘‘मग अनारसे?’’ सौ.नी विचारले.

‘‘बिनखसखशीचे.’’

‘‘त्याला अनारसा म्हणत नाहीत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि तीन दिवस तांदूळ भिजवून पीठ केलंय मी, ते काय करू?’’

या प्रश्नाला कोणत्याही देशाच्या कायद्यात उत्तर नाही. मी यादीतले पुढचे कलम वाचले. तिथे विड्याची पाने होती. लक्ष्मीपूजनासाठी लेकीने मुद्दाम सांगितलेली पाने रद्द झाली आणि त्यांच्याबरोबर माझा पानाचा डबाही. बाकीच्या गोष्टी अंगवळणी पडण्याजोग्या होत्या. रस्त्यातल्या अनोळखी माणसाचा, त्यातून बाईमाणसाचा, फोटो विचारल्यावाचून काढायचा नाही. तो तिथे गुन्हा आहे. तिथल्या बाईने आपण होऊन हात पुढे केल्याशिवाय आपण हस्तांदोलनाला हात पुढे करायचा नाही. (आम्ही नमस्कारवाले; हा प्रश्न आम्हाला येणारच नव्हता.) मेट्रोगाडीत खायचे-प्यायचे नाही, नाहीतर शंभर दिरहॅम दंड, बायकांच्या डब्यात चुकून शिरलेल्या पुरुषालाही तेवढाच. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसल्याबरोबर दशमीचे पुडके सोडणाऱ्या आम्हा लोकांना हे अवघडच!

आमच्या आजोबांच्या काळी परदेशगमनाची भीती होती ती परत आल्यावरच्या प्रायश्चित्ताची. तिकडच्या सरकारची फिकीर कोणी करत नसे. मला वाचता वाचता आमच्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवले. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच भारतीय डॉक्टर औषधांच्या पेट्या घेऊन मुंबईहून चीनला निघाले, त्यांतले ते एक. त्यांना कोणी अशी यादी दिली असेल असे वाटत नाही. ते तिथली भाषा शिकले, के दिहुआ हे तिथले नाव त्यांनी घेतले, गुओ छिंगलान या चिनी परिचारिकेशी लग्न केले आणि मुलाचे नाव ठेवले यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच गेले. भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचे आता स्मारक झाले आहे. त्यावरून शाळेत जाता-येता मी कितीतरी वेळा मुलांना त्यांची गोष्ट सांगितली. पण परमुलखात आधी विद्यार्थी व्हावे लागते, हे माझ्या डोक्यात यायला खसखशीची पुडी कारण व्हावी लागली. असो.

निघायच्या चार दिवस आधी शेजारच्या अक्का आल्या. अक्का तेलुगू, पद्मशाली. आमच्या साखर पेठेत घरोघर तेलुगू बोलतात. आमचे कुटुंब त्यांच्यात तीस वर्षांपूर्वी येऊन राहिलेले. मुलीच्या जन्माच्या वेळी रात्री दोन वाजता सौ.ना दवाखान्यात नेण्यासाठी रिक्षा आणली ती अक्कांच्या यजमानांनी. ते यंत्रमागावर टॉवेल विणत असत; आता नाहीत. एकुलता मुलगा दोन वर्षांपासून दुबईत कामाला आहे, आणि त्या दोन वर्षांत तो एकदाही घरी आलेला नव्हता.

‘‘गुरुजी, पोराला एवढं एक पुडकं न्या की ओ,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘काय नाही बगा, दोन टावेल अन् अरिसेलु.’’

पुडके पांढऱ्या कापडात चारी बाजूंनी शिवलेले होते. टाके इतके बारीक, की बोट फिरवले तरी लागू नयेत. मी ते घेतले आणि कपाटात ठेवले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. जावईबापूंच्या यादीत शेवटी एक ओळ होती: ‘दुसऱ्याने दिलेली कोणतीही वस्तू न पाहता आणू नये.’ आणि मला वर्तमानपत्रात वाचलेली ती मुंबईच्या जोडप्याची हकीकत आठवली. २०१९ च्या जुलैत ते दोघे कतारला फिरायला गेले. नवऱ्याच्या आत्याने सहल आपल्या खर्चाने ठरवून दिली होती आणि जाताना एक पुडके दिले होते. जर्दा आहे म्हणून सांगितले. दोहाच्या विमानतळावर ते उघडले गेले, तर आत चार किलोच्या वर चरस! दोघांना दहा दहा वर्षांची शिक्षा झाली. बाईला दिवस गेलेले होते. मुलगी तुरुंगातच जन्मली. इकडे मुंबईत घरच्यांनी उंबरठे झिजवले, आपल्या सरकारी खात्याने तपास करून कागद तिकडे धाडले, तेव्हा २०२१ च्या मार्चमध्ये कोर्टाने त्यांना निर्दोष सोडले. सख्ख्या आत्याचे पुडके नाकारायचे कसे आणि उघडायचे तरी कसे, असेच त्यांनाही वाटले असेल.

‘‘अक्कांचं पुडकं आणि तो चरस, एका तागडीत घालता?’’ सौ. अंधारातच म्हणाल्या. ‘‘शोभतं का तुम्हाला?’’

शोभत नव्हते, हे मलाही कळत होते. ब्लेडने चार टाके उसवून, पाहून पुन्हा शिवून टाकावे, असाही विचार मनात आला. पण अक्कांच्या हातचा टाका मला येणार होता थोडाच! आणि आला असता तरी तो अक्कांशी खोटेपणाच झाला असता. सकाळी उठून पुडके हातात घेतले आणि सरळ त्यांच्या घरी गेलो.

‘‘अक्का, हे तुमच्या हातानं एकदा उघडून दाखवता का?’’

अक्कांनी माझ्याकडे पाहिले. पुडक्याकडे पाहिले. मी कायदा, कतार, जोडपे, सगळे भराभर सांगू लागलो. वर्गात तपासणी अधिकारी आल्यावर मास्तर बोलतो तसे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकूनसुद्धा घेतले नाही.

‘‘राहू द्या गुरुजी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एवढा इश्वास नसंल तर राहू द्या.’’ आणि पुडके माझ्या हातातून घेऊन आत गेल्या.

पुढचे दोन दिवस त्यांच्या दारात रांगोळी होती, पण अक्का दिसल्या नाहीत. आमच्या घरातही कामापुरतेच बोलणे चालू होते. मी बॅगा भरीत होतो आणि प्रत्येक वस्तू ठेवताना माझे मलाच वाटत होते, की तीस वर्षे कमावलेले मी एका प्रश्नात घालवले. बरे, प्रश्न चुकीचा होता असेही मन म्हणेना.

निघायच्या दिवशी दुपारी अक्का दारात उभ्या. पुडके उघडे, टाके उसवलेले, आणि दुसऱ्या हातात गोळ्यांच्या तीन पट्ट्या.

‘‘ह्येबी हाय त्यात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पाठ दुखती म्हणतो. हितल्या डागदरनं दिलेल्या. टावेलाच्या घडीत ठेवल्या होत्या. चालतंय न्हवं?’’

मी पट्टीवरचे नाव वाचून जावईबापूंना फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन वाजला. ‘‘बाबा, त्या गोळ्या घराबाहेरसुद्धा काढू नका!’’ त्या ट्रॅमाडॉल नावाच्या औषधाच्या होत्या. तिथे ते नियंत्रित औषधांत येते; ज्याचे दुखणे त्याने, स्वतःच्या नावाच्या चिठ्ठीवर, तिथल्या सरकारची आधी परवानगी काढून न्यायचे. शेजाऱ्याने टॉवेलात गुंडाळून नव्हे. २०१७ साली इजिप्तमध्ये एका इंग्रज बाईला याच गोळ्यांपायी तीन वर्षांची शिक्षा झाली होती. तिनेही त्या आपल्या माणसाच्या पाठदुखीसाठीच नेल्या होत्या.

अक्का मटकन उंबऱ्यावर बसल्या. ‘‘म्हंजी माझ्या हातानं मी तुमाला...’’ त्यांना पुढे बोलवेना. सौ. पाणी घेऊन आल्या आणि त्यांच्याजवळ बसल्या. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही उरलेही नव्हते.

थोड्या वेळाने अक्कांनी डोळे पुसले आणि पुडक्यातला डबा उघडला. आत अरिसेलु होते. अरिसेलु म्हणजे आपल्या अनारशाचेच तेलुगू भावंड: तांदळाचे पीठ आणि गूळ, पण खसखशीऐवजी वर तीळ. तिळाला जगात कुठे बंदी असल्याचे ऐकिवात नाही! सौ.नी एक उचलून उलटसुलट पाहिला, तोंडात टाकला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, ‘‘आपल्या बाळासाठीही द्या हो थोडे.’’ खसखशीचे अनारसे दोन दिवसांपूर्वीच पेठेत वाटून झाले होते.

मुंबईच्या विमानतळावर खिडकीमागच्या मुलीने विचारले, ‘‘बॅगा तुम्ही स्वतः भरल्यात का? कोणी काही दिलंय का?’’

‘‘दिलंय,’’ मी म्हणालो, ‘‘पण आम्ही उघडून पाहिलंय.’’

या उत्तराची तिला सवय नसावी. पाच मिनिटे टॉवेल, डबा आणि मी, तिघांची चौकशी झाली. सौ.नी मला कोपराने ढोसले. खोटे बोललो असतो तर एव्हाना चहा झाला असता, असा त्याचा अर्थ. दुबईला मात्र आमच्या सामानाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. इतकी तयारी करून गेल्यावर मला, खरे सांगायचे तर, थोडे वाईटच वाटले.

अक्कांचा मुलगा डबा न्यायला आला. पाया पडला. अरिसेलुचा पहिला तुकडा खाताना तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. पाठीसाठी त्याने तिथल्याच डॉक्टरला दाखवले होते. आम्ही परत निघण्याच्या आदल्या दिवशी तोही एक पुडके घेऊन आला, खजुराचे. तोंड उघडेच ठेवलेले. ‘‘सर, बघून घ्या,’’ म्हणाला. मी पाहिले. खजुराच्या तळाशी आईसाठी एक सोन्याची साखळी होती.

आता कायदा आपलाच आड आला. वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यालाच सोन्याचे दागिने जकातीवाचून आणता येतात, तेही पुरुषाला २० ग्रॅम आणि बाईला ४० ग्रॅमपर्यंत. महिनाभराच्या पाहुण्यांना त्यातले काहीच नाही. मी त्याला हे सांगितले आणि म्हणालो, ‘‘तुला मात्र ही आणता येईल.’’ तो काही बोलला नाही. साखळी खिशात ठेवून गेला.

संक्रांतीला, गड्ड्याची जत्रा भरली असताना, तो सोलापूरला आला. साखळी गळ्यात घालूनच आला होता. पंधरा दिवस राहिला. परत जायच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा अक्का जमिनीवर बसून त्याचे पुडके बांधत होत्या. एकेक वस्तू त्याच्यासमोर धरायची, नाव सांगायचे आणि मगच आत ठेवायची.

‘‘नीट बघून घे रे,’’ त्या मला पाहून म्हणाल्या, ‘‘न्हाईतर गुरुजी परत उघडायला लावतील.’’