ओच्यातला चाकू

आमच्या माणदेशात बाप्या माणसाच्या अंगावर तीन वस्तू ठरलेल्या असत. डोक्याला पटका, कोपरीत चंची आणि चंचीत मिटवायचा चाकू. बाईच्या अंगावर काय? हातात विळा, डोक्यावर पाटी. काम झालं की विळा कुडाला खोचून ठेवायचा. चाकू जवळ बाळगणं हे बाईचं काम नव्हे, असं कुणी बोलून दाखवलं नाही, पण लुगड्याला खिसाच नव्हता तेव्हा बोलायची गरजही नव्हती.

माझे मालक पुण्याला कंपनीत. तीन एकर रान, दोन म्हशी, एक खिलार गाय आणि थकलेले मामंजी एवढं माझ्याकडे. मामंजींचा चाकू मी लग्न होऊन आल्यापासून पाहत होते. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खोंड घ्यायला गेले तेव्हा घेतलेला. मूठ लाकडाची, दोन पितळी खिळ्यांची. पातं मुळात अंगठ्याएवढं रुंद असणार, पण पाजवून पाजवून चंद्रकोरीसारखं झालेलं. सुपारी, तंबाखू, सुतळी, काकडी, म्हशीच्या खुरात अडकलेला खडा, सगळ्याला तोच. नणंदेच्या बाळंतपणात बारा दिवस तो तिच्या उशाखाली होता, कारण बाळंतिणीजवळ लोखंड असावं. त्या बारा दिवसांत मामंजी सुपारी दाताने फोडत होते आणि आल्यागेल्याला ‘चाकू कामावर गेलाय’ म्हणून सांगत होते.

मला चाकूची गरज पटली ती एका श्रावणात. गायीची कालवड बांधावर बांधली होती. पूर्वी दावी घायपाताची नाहीतर अंबाडीची असत. ती भिजली की फुगत, जुनी झाली की तुटत. आता नायलॉनची. ती तुटत नाही, कुजत नाही आणि ओढ बसली की गाठ अशी आवळते की नखाने सुटत नाही. कालवडीने चरता चरता बाभळीला दोन फेरे घेतले, पुढचा पाय दाव्यात गेला आणि ती बांधाखाली घसरली. मी पोहोचले तेव्हा जीभ बाहेर आली होती, डोळे पांढरे. विळा वस्तीवर. गाठीला नखं लावली, दात लावले. खालून हिसका बसला की फास आणखी आत रुतायचा. मी तिला खालून खांदा देऊन वर रेटत होते आणि ओरडत होते. वरच्या माळावरून एक मेंढका धावत आला. त्याने खिशातून चाकू काढला, बोटाने कातडं दाबलं, पात्याची पाठ कातड्याकडे आणि धार बाहेर अशी दाव्याखाली घातली आणि एकदाच बाहेर ओढली. दावं तुटल्याचा आवाज मला अजून आठवतो. कालवड बराच वेळ पडून होती, मग उठली.

तो म्हणाला, “वैनी, विळा असता तरी मान कापली असती. विळ्याची धार आतल्या अंगाला. हितं सरळ पातं लागतं.”

रात्री मामंजींना सांगितलं. त्यांनी चंचीतून चाकू काढून माझ्यापुढे जमिनीवर ठेवला. हातात दिला नाही. चाकू हातातून हातात दिला तर भांडण होतं, म्हणून खाली ठेवायचा आणि दुसऱ्याने उचलायचा. यात शहाणपणही आहे, देताघेता कुणाचं बोट कापत नाही. पण ते पातं आता नायलॉनपुढे टिकणारं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणाले, “ह्यो म्हातारा झालाय, माझ्यागत. तू तुझा घे. पर बघून घे.”

बघून म्हणजे काय, ते त्यांनी पुढचे चार दिवस जमेल तसं सांगितलं.

पहिलं, पाण्याचं. आमच्याकडे घिसाडी पाल टाकतो तेव्हा बघितलेलं आहे. ट्रकच्या मोडक्या पाट्याचा तुकडा भट्टीत लाल करतात, बाई घण मारते, आकार आला की परत तापवून धारेचं अंग पाण्यात बुडवतात. चर्र होतं. याला पाणी देणं म्हणतात. तापवून एकदम निववलेलं पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून त्याला परत थोडी धग देऊन ठिसूळपणा काढावा लागतो. जास्त कडक राहिलं तर धारेचे टवके उडतात, जास्त मऊ झालं तर धार वळते. शेतातल्या चाकूला थोडं मऊकडे झुकलेलं बरं. वळलेली धार दगडावर सरळ होते, उडालेला टवका भरून येत नाही.

दुसरं, गंजाचं. साधं पोलाद झटकन धार घेतं, पण कैरी किंवा लिंबू कापलं की काळं पडतं आणि पावसाळ्यात गंजतं. स्टेनलेस गंजायला सहजी तयार होत नाही, पण त्यातलं हलकं असेल तर धार धरत नाही. रोज पुसायची सवय असेल तर साधं घ्यावं, नसेल तर स्टेनलेस. माझा हात दिवसातून दहा वेळा ओला होतो, तेव्हा मी स्टेनलेसच्या बाजूची होते. मामंजी साध्याच्या बाजूचे.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं, म्हणजे उघडलेलं पातं जागेवर राहतं कशाने. मामंजींच्या चाकूला नुसती पाठीची कमान होती. कापताना जोर धारेवर येतो तोवर ती पुरते. पण टोचताना किंवा पातं अडकून मागे ओढताना जोर पाठीवर आला, की पातं मिटतं आणि बोटांवर येतं. आमच्याच वस्तीवर खताच्या गोणीला भोक पाडताना एका गड्याची दोन बोटं अशीच कापली होती. म्हणून पात्याला अडसर हवा. कुठे पाठीच्या पट्टीचा दात पात्याच्या खाचेत बसतो, कुठे मुठीतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडामागे उभी राहते. मालकांच्या पुण्याच्या एका दोस्ताकडे डोंगरात नेण्याचा ओपिनेलचा फ्रेंच चाकू होता. 1890 पासून तिकडे साव्हॉयच्या डोंगराळ भागात हे चाकू होतात, लाकडी मूठ आणि मुठीच्या तोंडाशी फिरवायचं लोखंडी कडं. ते कडं 1955 साली बसवायला लागले, त्याआधी तोही आपल्या चाकूसारखाच बिनअडसराचा. मला तो फार आवडला, शेतकऱ्याचाच चाकू वाटला. पण माझ्या हिशेबाने किंमत जास्त, आणि बांधावर हरवला तर रात्रभर झोप लागणार नाही. रोज जवळ बाळगायची वस्तू हरवली तर चुटपुट लागावी, पण दुसरी घेता यावी, एवढ्याच मोलाची असावी.

दहिवडीच्या बाजारात गेले. दुकानदाराने आधी स्वयंपाकाची सुरी काढली. मी म्हटलं, “मिटवायचा दाखवा.”

“कुणाला पायजे, वैनी? दादांना?”

“मला.”

तो जरा थांबला आणि मग काचेच्या पेटीतला खटक्याचा काढला. बटण दाबलं की पातं सट्टकन बाहेर. सिनेमातल्या रामपुरीच्या घराण्यातला. बाईने चाकू मागितला म्हणजे तिला कुणाची तरी भीती आहे, असंच त्याला वाटलं असणार. मी म्हटलं, “भावजी, मला दावं कापायचंय, माणूस नाही.” तेव्हा तो हसला आणि खरं खोकं खाली उतरवलं. खटक्याचा चाकू कामाचा नाही. बटणात माती गेली की उघडत नाही, आणि ओच्यात चुकून दाबलं गेलं तर भलत्या वेळी उघडतो. शिवाय पोलिसाने पाहिला तर शंभर प्रश्न.

कायद्याचंही विचारून ठेवलेलं बरं. 1959 च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं धरली आहेत. त्यातूनही घरकामाची आणि शेतीची वगळली आहेत. आपल्याला तीन इंचांचं पातं पुष्कळ होतं, चार बोटांएवढं. पण निवडणूक, मोर्चा, सण अशा वेळी पोलीस शस्त्रबंदीचा हुकूम काढतात. त्या दिवसांत गावात आणि कचेरीत जाताना चाकू घरी ठेवावा. रानात जाताना बरोबर घ्यावा.

खोक्यातले सात-आठ चाकू मी एकेक करून बघितले. उघडून पातं डावी-उजवीकडे हलवायचं, खुळखुळत असेल तर बाजूला. मिटवून उजेडाकडे धरायचा, टोक मुठीबाहेर डोकावत असेल तर बाजूला. उघडून, बोटं पात्याच्या वाटेतून दूर ठेवून, पात्याची पाठ फळीवर हलकेच आपटायची. अडसर सुटला तर बाजूला. मूठ ओल्या हाताने धरून बघायची, म्हणून तांब्यातलं पाणी मागून हात भिजवला. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दोन मुठी तिथेच गळाल्या. शेवटी एका हाताने उघडतो का ते बघायचं, कारण दुसऱ्या हातात जनावर असणार. एवढं झाल्यावर दोन उरले. त्यातला जाड पाठीचा, सांध्याला खिळ्याऐवजी स्क्रू असलेला मी घेतला. सैल झाला तर घरी आवळता येईल म्हणून. दोनशे वीस रुपये. दुकानदार म्हणाला, “एवढी परीक्षा जावयाची बी कुणी घेत न्हाई.”

मामंजींची नजर गेलेली. त्यांनी पात्यावरून अंगठा आडवा फिरवला, उघडमिट कानाशी ऐकली आणि म्हणाले, “पाणी बरं हाय. पर धार दुकानाची हाय, आपली न्हाई.” मग निसणा काढायला लावला. सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याला द्यायचा नाही, हे त्यांचं आधीपासूनचं. सगळेच तसे नसतात, पण घाईत चाकावर पातं तापतं, धारेवर निळी झाक येते, म्हणजे पाणी उतरलं. दगड ओला करायचा. काटकोन मनात धरायचा, तो अर्धा करायचा, पुन्हा अर्धा करायचा, तेवढं पातं उचलून दगडावर सरकवायचं, या अंगाने जितके वेळा तितकेच त्या अंगाने. पहिल्या दिवशी मला तासभर लागला. आता दर बाजाराच्या आदल्या रात्री चहा उकळेपर्यंत होतं.

राहिला प्रश्न ठेवायचा कुठे. ओच्यात खोचला तर वाकताना बरगडीला लागतो. मग मालकांच्या जुन्या पॅन्टच्या खिशाचं कापड घेऊन एक चंची शिवली, परकराच्या नाडीत ओवली. आता नायलॉनचं दावं, ठिबकची नळी, गोणीची शिवण, डाळिंबाच्या झाडाला बांधलेली आवळलेली सुतळी, जिथल्या तिथे. संध्याकाळी पुसायचा, सांध्यात खोबरेल तेलाचा थेंब. खोबरेल यासाठी, की त्याच पात्याने काकडीही कापायची असते.

परवा जावेने विचारलं, “ताई, तुझ्याकडं असताना मला कशाला पायजे?” मी म्हटलं, “माझा माझ्या बांधावर असतो. तुझी म्हैस तुझ्या बांधावर अडकायची.” पुढच्या बाजारी ती माझ्याबरोबर आली. दुकानदाराने या वेळी न विचारता खोकं खाली घेतलं आणि पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला.